दम तुटला की नाही?

गेल्या पावसाळ्यात अष्टमीला आमच्या ओटीवर एक वाद सुरू झाला, तो अजून मिटलेला नाही. विषय ऐकलात तर हसाल. १९८७ साली अमेरिकेत लास व्हेगासला झालेली मुष्टियुद्धाची एक लढत! वाद घालणारे दोघे. एक माझा नातू, कॉलेजात जाणारा. दुसरे माझे मित्र, धाटावच्या कारखान्यातून निवृत्त झालेले, माझ्याच वयाचे. मी मधला. आयुष्यभर पेपर तपासले म्हणून असेल, दोघांनी मला परस्पर पंच नेमून टाकलं.

लढत होती मार्व्हिन हॅगलर आणि शुगर रे लेनर्ड यांची. हॅगलर म्हणजे टक्कल केलेला, गंभीर, पुढे पुढे चालत येणारा गडी. अकरा वर्षं तो हरला नव्हता. लेनर्ड देखणा, हसरा, पायाने चपळ आणि लोकांचा लाडका. पण तो जवळजवळ तीन वर्षांनी रिंगणात उतरत होता. लढतीच्या अटी ठरवताना हॅगलरने जास्त पैसे घेतले आणि लेनर्डने पंधराऐवजी बारा फेऱ्या, मोठं रिंगण आणि जाड हातमोजे मागून घेतले. पळायला जागा आणि दमायला कमी वेळ. लढत तिथेच निम्मी जिंकली, असं आमचा नातू म्हणतो. मित्र म्हणतात, "म्हणजे व्यवहारात जिंकला, मुठीने नाही."

एका रविवारी नातवाने मोबाईलवर ती सगळी लढत लावली. तिघांनी तीन कागद घेतले. नियम सोपा. फेरीत जो सरस त्याला १० गुण, दुसऱ्याला ९. समोरचा खाली पडला तर त्याचा आणखी एक कमी. इथे कोणीच पडलं नाही, त्यामुळे हिशेब सरळ होता. एकमेकांच्या कागदात डोकवायचं नाही, ही अट मी घातली. (जुनी खोड!)

शेवटी कागद उघडले. नातू : लेनर्ड ११६, हॅगलर ११२. मित्र : हॅगलर ११५, लेनर्ड ११३. मी : ११४-११४. एकच लढत, एकच ओटी, एकच मोबाईल आणि तीन निकाल!

मला वाटलं, आम्ही अडाणी म्हणून असं झालं. पण त्या रात्री तिथे बसलेल्या तीन पंचांचं काय झालं होतं ते नातवाने वाचून दाखवलं. एकाने ११५-११३ असा हॅगलर दिला, दुसऱ्याने ११५-११३ असाच लेनर्ड आणि तिसऱ्याने चक्क ११८-११० लेनर्ड. म्हणजे एकाच्या मते हॅगलरने बारापैकी सात फेऱ्या जिंकल्या आणि दुसऱ्याच्या मते फक्त दोन! दोन विरुद्ध एक मताने लेनर्ड जिंकला. हॅगलर त्यानंतर पुन्हा कधीच रिंगणात उतरला नाही. पुढे इटलीत जाऊन त्याने सिनेमात कामं केली. २०२१ साली तो गेला.

आता प्रश्न असा, की एवढा फरक पडतो कशाने? माझ्या मते तो डोळ्यांचा फरक नाही, तो व्याख्येचा फरक आहे. सरस कशाला म्हणायचं? पुढे चालून जो समोरच्याला मागे रेटतो तो सरस, असं आमच्या मित्रांचं मत. जन्मभर यंत्रावर उभे राहिलेले ते, त्यांना राबणारा माणूस आवडतो. नातू म्हणतो, रेटून उपयोग काय, ठोसा नीट लागला पाहिजे. लेनर्ड तर फेरीची शेवटची तीसेक सेकंदं राहिली की ठोशांची सरबत्ती करायचा. पंचांच्या मनात फेरीचा शेवट राहतो, हे त्याला पक्कं ठाऊक. हे वाचलं आणि मला माझे पेपर आठवले. निबंधाचा शेवट झोकात करणारा विद्यार्थी मधल्या चुकांसकट दोन गुण जास्त घेऊन जातो, हे मी स्वतः केलेलं आहे.

पण हे परक्यांचं झालं. आपल्याकडचं बघा. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९५२ साली हेलसिंकीला जाऊन कुस्तीचं कांस्यपदक घेऊन आले. स्वतंत्र भारताचं वैयक्तिक खेळातलं ते पहिलं ऑलिंपिक पदक. हे सगळ्यांना ठाऊक असतं. त्याआधी काय घडलं ते कमी जणांना ठाऊक असतं. मद्रासच्या स्पर्धेत निरंजन दास या मल्लापेक्षा आपल्याला मुद्दाम एक गुण कमी दिला, असं खाशाबांचं म्हणणं होतं. एक गुण! ते गप्प बसले नाहीत. पतियाळाच्या महाराजांकडे दाद मागितली. महाराज कुस्तीचे शौकीन. पुन्हा लढायची संधी मिळाली आणि खाशाबांनी काही क्षणांत प्रतिस्पर्ध्याला लोळवलं, असं सांगतात. मग गावाने वर्गणी काढली, राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी घर गहाण ठेवून सात हजार रुपये दिले, वगैरे पुढची कथा आपण ऐकलेली आहे. पण महाराजांनी दाद दिली नसती तर? ते पदक एका गुणाच्या खाली कायमचं दबून राहिलं असतं. ज्यांना महाराज भेटले नाहीत असे किती असतील, याचा हिशेब कुठेच नसतो.

आमचे मित्र म्हणतात, "म्हणूनच जुनी निकाली कुस्ती बरी. पाठ लागली तर हरला, नाही तर बरोबरीत सोडवा. गुणांची भानगडच नाही." ऐकायला बरं वाटतं. पण २ फेब्रुवारी २०२५ ला अहिल्यानगरच्या महाराष्ट्र केसरीत वाद झाला तो नेमका पाठ लागली की नाही यावरच. पृथ्वीराज मोहोळने शिवराज राक्षेला चीतपट केलं, असं पंचांनी जाहीर केलं. दोन्ही खांदे टेकलेच नाहीत, असं राक्षेचं म्हणणं. तो एवढा भडकला की त्याने पंचांना लाथ मारली आणि पुढे त्याच्यावर तीन वर्षांची बंदी जाहीर झाली. लाथेचं समर्थन कोणीच करणार नाही, मीही नाही. पण निकाली कुस्तीतसुद्धा निकाल शेवटी कोणाच्या तरी डोळ्यांवरच अवलंबून असतो, हे त्यातून कळलं. त्याआधी जानेवारी २०२३ मध्ये पुण्याला महेंद्र गायकवाड आणि सिकंदर शेख यांच्या कुस्तीत एका टांगेला चार गुण द्यायचे की दोन, यावर महाराष्ट्रभर पारावर पंच बसले होते. आमची ओटीही त्यात होती.

मग यंत्र लावा, असं नातू म्हणतो. तेही करून झालंय. १९८८ च्या सोल ऑलिंपिकमध्ये रॉय जोन्स नावाच्या अमेरिकन मुष्टियोद्ध्याला यजमान देशाच्या खेळाडूविरुद्ध ३-२ असं हरवलं. बघणाऱ्या जगाने तोंडात बोट घातलं. म्हणून १९९२ पासून ऑलिंपिकमध्ये बटणं आली. पाच पंच, प्रत्येकासमोर बटणं. ठोसा लागलेला दिसला की दाबायचं. निदान तिघांनी एका सेकंदाच्या आत दाबलं तरच गुण. झालं काय, की जवळून मारलेले, पोटातले ठोसे मोजलेच जाईनात. लांबून टिचकी मारून पळणाऱ्यांचं फावलं. शेवटी २०१३ मध्ये ती पद्धत सोडली आणि दहा-नऊवर आले. वाद काही थांबले नाहीत. २०२४ ला पॅरिसमध्ये आपला निशांत देव उपांत्यपूर्व फेरीत ४-१ अशा मतांनी हरला तेव्हा आमच्या नातवाने दोन दिवस धड जेवण केलं नाही.

इथपर्यंत मी मोठ्या ऐटीत पंचाची भूमिका करत होतो. मग एके दिवशी मित्र सहज म्हणाले, "सर, तुम्ही तर खरेच पंच होतात की! विसरलात?"

विसरलो नव्हतो. विसरता आलं असतं तर बरं झालं असतं.

आम्ही रायगडचे लोक कुस्तीवाले नाही, कबड्डीवाले. भात कापून झालं की रिकाम्या शेतात मैदान आखायचं, रात्री ट्यूबलाइट लावायच्या आणि पहाटेपर्यंत सामने. गोष्ट १९८० नंतरच्या दोन-तीन वर्षांतली. मास्तर म्हणजे निःपक्षपाती, असा समज असल्यामुळे शिट्टी माझ्या गळ्यात. अंतिम सामना दोन गावांचा, खरं तर दोन पोरांचा. एक चढाईचा राजा, अंगाने काटकुळा, विजेसारखा. दुसरा पकडीचा, घोट्याला हात घातला की सोडायचा नाही. दोघं माझ्याच वर्गात एका बाकावर बसून गेलेले. निवड करणारी माणसंही आली होती.

गुण बरोबरीत. शेवटची चढाई. दुसऱ्याने पहिल्याचा घोटा धरला. हा पालथा पडला आणि हात ताणत मध्यरेषेकडे सरकू लागला. कबड्डीत दम सोडायचा नसतो. तोंडाने 'कबड्डी कबड्डी' एका श्वासात चालू पाहिजे. बोटं रेषेला लागली. पण त्याआधी दम तुटला की नाही?

मी तीन हातांवर उभा. चारी बाजूंनी माणसं ओरडत होती. मला काहीही ऐकू आलं नाही. त्याचं तोंड मातीत होतं, ओठ दिसत नव्हते. जवळचा घोळका ओरडला, "दम गेला, दम गेला!" मी शिट्टी मारली आणि हात वर केला. बाद.

तो उठला, माझ्याकडे एकदा पाहिलं, काही बोलला नाही. त्याचा संघ एका गुणाने हरला. जिल्ह्यासाठी निवड पकडवाल्याची झाली. पुढे खेळाच्या जोरावर त्याला नोकरीही लागली. चढाईवाला इथेच राहिला. कष्टाने त्याने सगळं उभं केलं, वाईट झालं असं म्हणणार नाही.

मित्राच्या त्या वाक्यानंतर मला झोप येईना. चार दिवसांनी मी पूल ओलांडून रोह्याच्या बाजारात त्याच्या दुकानी गेलो. त्याने खुर्ची दिली, चहा सांगितला. मी म्हणालो, "अरे, त्या रात्री मला ऐकू आलं नव्हतं. मी अंदाजाने हात वर केला."

तो आता साठीचा. बराच वेळ चहाच्या ग्लासाकडे बघत राहिला. मग हसला. "सर, मलाही नाही सांगता येणार. तोंडात माती गेली होती. दम होता की नव्हता, माझं मलाच कळलं नाही."

मला हायसं वाटायला लागलं, तेवढ्यात तो पुढे म्हणाला, "पण तुम्ही हात असा ठाम वर केलात ना, मला वाटलं, सरांनी ऐकलं असणार. म्हणून मी भांडलो नाही."

काय बोलणार? चहा संपवून उठलो. येताना पुलावर थांबलो. कुंडलिकेला भरपूर पाणी होतं.

चूक करणं वेगळं. अटीतटीच्या लढतीत चुका होणारच. तीन पंच ठेवा, पाच ठेवा, बटणं द्या. पण ऐकलं नव्हतं तर सरपंचांना, बाजूच्या पंचाला विचारायला हवं होतं. शंका होती तर ती दिसायला हवी होती. माझ्या ठाम हाताने त्याचा भांडायचा हक्क काढून घेतला. खाशाबांना निदान दाद मागायला जागा होती. याला मी तीही ठेवली नाही, कारण मी त्याचा मास्तर होतो.

ओटीवरचा वाद चालू आहे. परवा नातवाने विचारलं, "आजोबा, तुम्ही ११४-११४ का दिलेत? एकाला तरी द्यायचं होतं." मी म्हणालो, "बाबा रे, तीन फेऱ्या मला खरंच कळल्या नाहीत." मित्र म्हणाले, "मग पंच कशाला झालात?"

बरोबर आहे त्यांचं. पण आता कळलं नाही तर कळलं नाही असं सांगतो. उशीर झाला, तरी.