चुना लावण्याची गोष्ट

आपल्याकडे ‘चुना लावणे’ या शब्दांना काही बरा अर्थ नाही. पण गेल्या मे महिन्यात शाळेला सुटी लागताच मी फ्रान्सला गेलो आणि तिथे महिनाभर खराखुरा चुना लावत बसलो, हे आमच्या शिक्षकांच्या खोलीत अजूनही कोणाला खरे वाटत नाही.

त्याचे असे झाले. माझी धाकटी बहीण लग्न होऊन तिकडे गेली. तिने आणि आमच्या फ्रेंच मेहुण्यांनी नैर्ऋत्य फ्रान्समध्ये, दोर्दोन्य नदीच्या खोऱ्यात, सार्ला गावापासून थोडे दूर एक पडके घर घेतले. घर म्हणजे मधाच्या रंगाच्या चुनखडी दगडाच्या चार जाड भिंती, आणि वर छप्परही दगडाच्या चिपांचेच. एका चौरस मीटरला त्या चिपांचे वजन पाचशे किलोंच्या घरात जाते म्हणे. हे ऐकल्यापासून घरात शिरताना माझी मान आपोआप आखडायची!

आधीच्या मालकाने भिंतींच्या दरजा सिमेंटने भरल्या होत्या. दिसायला काम चोख; पण आतून हात लावावा तिथे ओल. पहिल्याच सकाळी बहिणीने माझ्या हाती छिन्नी-हातोडा ठेवला.

“दादा, हे सगळे सिमेंट काढायचे.”

“अगं, एवढे मजबूत काम!”

शेजारी एक म्हातारा गवंडी उभा होता. माझा सूर ओळखून तो फ्रेंचमध्ये बराच वेळ बोलला आणि बहिणीने मला ते समजावून सांगितले. दगडी भिंत जमिनीतले पाणी वर ओढते आणि चुन्याच्या दरजांतून बाहेर टाकते. दरजा सिमेंटने बुजवल्या की ओल आत कोंडते. मग सिमेंट तेवढे शाबूत राहते, दगडाचा मात्र भुगा होतो.

मी काही बोललो नाही. कोकणातल्या आमच्या घराला, आजोबांनी चुन्यात बांधलेल्या जांभ्याच्या भिंतींना, दहा वर्षांपूर्वी मीच हौसेने सिमेंटचा गिलावा करून घेतला होता. तेव्हापासून आईच्या खोलीत पोपडे पडतात. दर पावसाळ्यात ती अंथरूण माजघरात हलवते आणि दर पावसाळ्यात मी जमिनीला दोष देतो.

शनिवारी काम बंद ठेवून आम्ही सार्लाच्या बाजारात जात असू. कादंबरीकार आंद्रे माल्रो मंत्री असताना १९६२ साली जुनी गावे राखण्याचा कायदा झाला. त्यामुळे सार्लाच्या दगडी गल्ल्या वाचल्या. कादंबरीकाराच्या हातून असेही काही होते, हे पाहून मला उगीचच बरे वाटले. त्याच माल्रोंनी १९६३ साली जवळची लास्कोची गुहा लोकांना बंद केली. १९४० साली चार पोरे तिच्यात उतरली, तोवर हजारो वर्षे तिथले बैल-घोडे सुखरूप होते; पाहायला येणाऱ्यांच्या श्वासांनी मात्र थोड्याच वर्षांत भिंतींवर हिरवे शेवाळ धरले. आम्ही पाहिली ती तिची हुबेहूब प्रतिकृती. तिच्यातही मी नकळत श्वास रोखून उभा होतो.

परतण्याच्या आदल्या रात्री आईला फोन केला.

“आई, पावसाळा सरला की तुझ्या खोलीचा गिलावा खरवडायचा. चुना लावू.”

ती क्षणभर थांबली.

“आजोबांच्या घाणीचे चाक विहिरीपाशी पडलेय,” ती म्हणाली. “मी त्यावर कपडे धुते. मला आधी दुसरा दगड आणून दे.”