उशीकडे मागितलेली माफी

मागच्या उपवासकाळात मी चाळीस दिवस रोज रात्री चार वाक्यं म्हणत होते. रोझरी झाली की दिवा बंद करायचा आणि उशीत तोंड खुपसून म्हणायचं: चूक झाली, मला माफ कर, तुझे आभार, माझं तुझ्यावर प्रेम आहे. हॉस्टेलमधल्या मैत्रिणीने एक व्हिडिओ पाठवला होता. हवाई बेटांवरचा प्राचीन उपचार, नाव होओपोनोपोनो. समोरच्याला भेटायची गरज नाही, मनातल्या मनात म्हटलं तरी नातं बरं होतं, असं त्यात सांगितलं होतं. मला नेमकं हेच हवं होतं. कारण जिची माफी मागायची होती ती माझी मावसबहीण अकरा महिने माझ्याशी बोलत नव्हती. आणि तिचं बरोबर होतं.

तिने विश्वासाने सांगितलेली एक गोष्ट मी घरात फोडली होती. कोणती, ते इथे लिहीत नाही. एकदा फोडली तेवढं पुरे.

तोपर्यंत हवाई म्हटलं की मला एकच माणूस आठवायचा, मोलोकाईचे संत डेमियन. कॅटेकिझमच्या वर्गात ऐकलेले. 1873 मध्ये कुष्ठरोग्यांच्या वसाहतीत गेले आणि 1889 मध्ये त्याच रोगाने तिथेच वारले. त्या बेटांवरचे मूळ लोक काय मानत होते, आजारपण आणि बरं होणं याकडे कसं बघत होते, हे मी कधी विचारलंच नव्हतं. साहित्याची विद्यार्थिनी असल्यामुळे मी आधी शब्दाच्या मागे लागले. ‘पोनो’ म्हणजे योग्य, नीट, जिथल्या तिथे असलेलं. ‘होओ’ हा प्रत्यय क्रिया घडवून आणतो, आपण करणेचं करवणे करतो तसा. आणि पोनो दोनदा, आपण ‘नीट नीट’ म्हणतो तसं. म्हणजे विस्कटलेलं पुन्हा नीट लावणं.

हा शब्द ज्यांच्या शब्दकोशात सापडतो त्या मेरी कावेना पुकुई (1895–1986). लहानपणी आजीच्या हाताखाली वाढल्या, आणि आजीकडून जे शिकल्या ते आयुष्यभर लिहून ठेवत गेल्या. हवाईची शेवटची राणी लिलिउओकलानी हिच्या नावाने तिथे मुलांसाठी एक संस्था चालते. तिथल्या समाजसेवकांना मूळ हवाईयन कुटुंबांची दुखणी कळेनात, म्हणून पुकुई, एक मानसोपचारतज्ज्ञ आणि लेखिका कॅथरीन ली यांनी मिळून ‘नाना इ के कुमू’ हा ग्रंथ केला. पहिला खंड 1972 चा. त्यातलं होओपोनोपोनो वाचलं आणि मला घामच फुटला.

कारण तिथे उशी नाहीच. तिथे सगळं घर आहे.

घरातला वडीलधारा किंवा सगळ्यांचा विश्वास असलेला कुणीतरी पुढाकार घेतो. सुरुवात प्रार्थनेने. पूर्वी ती कुळाच्या पूर्वजदेवतांना असायची, ख्रिस्ती झालेल्या घरांत ती येशूच्या नावाने होऊ लागली. मग भांडण मांडायचं, पण एकमेकांकडे तोंड करून नाही. जे काही बोलायचं ते त्या वडीलधाऱ्याशी. राग चढला की तो सगळ्यांना गप्प बसवतो, त्या शांततेला ‘होओमालू’ म्हणतात. चूक म्हणजे ‘हाला’. त्या चुकीतून जो गुंता होतो तो ‘हिहिया’, आणि तो दोघांपुरता राहत नाही, अख्ख्या घराला जाळ्यासारखा गुंडाळतो. हे वाचताना मला आमचा ख्रिसमस आठवला. दोन मावश्या एकमेकींकडे न बघता नेवऱ्या भरत बसलेल्या. चूक माझी, गुंता त्यांचा.

मग एकेक पापुद्रा सोलत मुळापर्यंत जायचं. ज्याने चूक केली त्याने ती तोंडाने कबूल करायची आणि शक्य असेल ती भरपाई करायची. त्यानंतर ‘काला’, म्हणजे सोडणं. (गोपाळकाल्याशी याचं काही नातं नाही, पण शेवटी सगळे एकत्र जेवतात हे मात्र खरं.) मला सगळ्यात आवडलं ते हे की काला दोघांनी करायचा असतो. चुकलेला आणि दुखावलेला एकाच दोरीने बांधलेले असतात, सुटायचं तर दोघांनी. आणि हा काही फक्त भांडणाचा उपाय नव्हता. जुने वैद्य, काहुना लापाआउ, झाडपाला देण्याआधी घरात कुणाचं बिनसलंय का ते विचारायचे. त्यांच्या औषधांत आपली हळदसुद्धा आहे, ‘ओलेना’ नावाची, होड्यांतून आणलेली.

मग माझी चार वाक्यं आली कुठून? 1970 च्या दशकात मोर्ना सिमेओना या हवाईयन उपचारक बाईंनी एकट्याने करता येईल असं रूप तयार केलं. पुढे 2007 मध्ये एका अमेरिकन लेखकाच्या पुस्तकातून ती चार वाक्यं जगभर पसरली. हवाईच्या नावावर असं बरंच खपतं. ‘हुना’ नावाचं गूढ तत्त्वज्ञानसुद्धा मॅक्स फ्रीडम लाँग या अमेरिकन शिक्षकाने मांडलेलं आहे, हवाईयन अभ्यासक त्याला आपलं मानत नाहीत. सिमेओनांना मी नावं ठेवणार नाही. ज्याचं माणूस वारलंय त्याने काय करायचं? पण माझी बहीण जिवंत होती, वीस किलोमीटरवर.

कन्फेशनमध्येही फादरांनी एवढंच विचारलं होतं, तिला भेटलीस का? अर्पण वेदीपाशी ठेवून आधी भावाशी समेट करायला जा, हे मी मिसेत कितीदा ऐकलंय. ऐकलं आणि अर्पण टाकून घरी आले.

शेवटी खानापूरच्या मोठ्या मावशीला फोन केला. होओपोनोपोनो वगैरे काही बोलले नाही. म्हटलं, “आम्हा दोघींना बोलाव, आणि आम्ही तुझ्याशी बोलू, एकमेकींशी नको.” मावशी म्हणाली, “हे गं काय नवीन? बरं, रविवारी मिसा झाल्यावर या.”

ती आली. मावशीने ‘आमच्या बापा’ म्हटलं. मग मी बोलले, पाच मिनिटांत संपलं माझं. ती पाऊण तास बोलली. मधे दोनदा मी ‘पण’ म्हणाले आणि दोन्ही वेळा मावशीने हात वर केला. तिच्या घरात नंतर काय काय झालं त्यातलं निम्मं मला ठाऊकच नव्हतं. उशीने ते मला कधी सांगितलं नसतं.

माफ केलं का, असं मावशीने तिला विचारलं. ती म्हणाली, “आज नाही.” मावशी म्हणाली, “बरं, मग फेस्ताला परत बसू.” ताटं मांडलेली होती. ती जेवायला थांबली नाही, पण मावशीने बांधून दिलेला सान्नांचा डबा घेऊन गेली. डबा माझा आहे, हे तिला माहीत आहे.