३८१ दिवस पायी

रिक्षाचा संप असला की मी ठरलेली मुलाखत सरळ पुढे ढकलते. स्टेशनपर्यंत वीस मिनिटं चालणार कोण? त्यामुळे अमेरिकेतल्या अलाबामा राज्यात, माँटगोमेरीला पोचले तेव्हा डोक्यात एकच आकडा घोळत होता... ३८१. इतके दिवस इथल्या काळ्या माणसांनी बसवर बहिष्कार टाकला होता.

डाउनटाउन तसं छोटंसंच. कोर्ट स्क्वेअरचं कारंजं, तिथून सरळ वर जाणारा डेक्स्टर अॅव्हेन्यू आणि टोकाला कॅपिटॉलचा पांढरा घुमट. या चौकात एकेकाळी गुलामांचे लिलाव व्हायचे. १ डिसेंबर १९५५ च्या संध्याकाळी, डिपार्टमेंटल स्टोअरमधलं शिवणकाम संपवून ४२ वर्षांची रोझा पार्क्स इथेच बसमध्ये चढली. पुढे जिथे तिला अटक झाली, तिथे आता तिच्या नावाचं म्युझियम आहे.

आत तशीच एक बस ठेवलीय. खिडक्यांमधून तो प्रसंग फिल्मसारखा दिसतो. पुढच्या दहा सीट्स गोऱ्यांसाठी राखीव. रोझा मधल्या भागात, म्हणजे तिला चालणाऱ्या जागीच बसलेली. पण एक गोरा उभा राहिला, म्हणून ड्रायव्हरने अख्खी रांग उठवली. चौघांपैकी तिघं उठले. सगळे रोझाकडे बघत होते, मी मात्र त्या तिघांकडे. मागच्याच महिन्यात लोकलच्या फर्स्ट क्लासमधून टोपलीवाल्या मावशीला सगळ्यांनी मिळून खाली उतरवलं, तेव्हा मी मोबाइलमध्ये डोकं खुपसून बसले होते.

आपल्याला माहीत असलेली रोझाची गोष्ट इथेच संपते. पण नऊ महिने आधी १५ वर्षांच्या क्लॉडेट कोल्व्हिनलाही सीट सोडली नाही म्हणून अटक झाली होती. आणि रोझाच्या अटकेनंतर कॉलेजात इंग्रजी शिकवणाऱ्या जो अॅन रॉबिन्सनने रातोरात हजारो पत्रकं सायक्लोस्टाइल केली. सोमवारी, ५ डिसेंबरला बसमधून काळे प्रवासी जवळपास गायब! शहरात नवखा असलेला २६ वर्षांचा मार्टिन ल्यूथर किंग नेता झाला. (हाच किंग १९५९ मध्ये भारतात आला होता.)

बसचे सुमारे तीन-चतुर्थांश प्रवासी काळेच होते, त्यामुळे कंपनीचा गल्ला साफ बसला. लोक चालले, आणि शेकडो गाड्यांचं कारपूलही उभं राहिलं... ठरलेले थांबे, ठरलेल्या वेळा. पेट्रोलचे पैसे? मला सगळ्यात आवडली ती जॉर्जिया गिल्मोर. ही स्वयंपाकीण. आंदोलनापायी नोकरी गेली, तर घरीच चिकन तळून, केक-पाय भाजून विकायला लागली. आपलं पोळीभाजी केंद्रच म्हणा ना! तिच्या गटाचं नाव ‘क्लब फ्रॉम नोव्हेअर’. पैसे कुठून आले विचारलं, तर ‘कुठूनच नाही’! देणाऱ्या बायकांच्या नोकऱ्या वाचायला हव्या होत्या ना.

१३ नोव्हेंबर १९५६ ला सुप्रीम कोर्टाने बसमधला हा भेदभाव बेकायदा ठरवला. गंमत म्हणजे त्याच दिवशी स्थानिक कोर्टाने कारपूलवर बंदी घातली. आणि सुप्रीम कोर्टाचा लेखी आदेश माँटगोमेरीत पोचायला २० डिसेंबर उजाडला.

म्हणजे खटला जिंकल्यावरही पाच आठवडे, तेही कारपूलशिवाय. मी कोर्ट स्क्वेअरच्या बाकावर बसून बूट काढले. सकाळपासून जेमतेम तीन किलोमीटर झाले असतील.