एक स्विच बदलताना

स्विच म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे भिंतीवरचं बटण येतं. माझ्याही यायचं. पण आमचे चिरंजीव नोकरीसाठी बंगळूरला जाताना जिन्याखालच्या फडताळात आठ भोकांची एक डबी बसवून गेले, तिलाही स्विच म्हणतात. एका भोकातून इंटरनेटची तार आत येते, बाकीच्या भोकांतून घरभर जाते. आमच्या भिंती जाड, म्हणून तिन्ही मजल्यांवर छताला एकेक पांढरी ताटली चिकटवली आहे. ह्या ताटल्या म्हणजे ॲक्सेस पॉइंट. हे सगळं मला समजावून झालं होतं आणि मी मानही हलवली होती. बापाने मान हलवली म्हणजे त्याला समजलं, हा मुलांचा एक गोड गैरसमज असतो.

परवा ती डबी निवर्तली. मुलाला विचारावं, असं सौ.चं म्हणणं पडलं. मी म्हटलं, "तारा काढायच्या आणि तारा घालायच्या, त्याला बंगळूरचा सल्ला कशाला?" दुकानात गेलो. तीच आठ भोकं, आणि किंमत जुन्या बिलाच्या निम्म्याहून कमी! मुलाला कुणीतरी फसवलं ह्याचं आधी वाईट वाटलं. मग, खोटं कशाला बोलू, बरं वाटलं.

घरी येऊन तारा घातल्या. डबीवर हिरवे दिवे दिवाळीसारखे लुकलुकले. ताटल्यांवरचे निळे दिवे मात्र गेले ते गेलेच. पुन्हा दुकान.

"काका, ह्यात पी-ओ-ई नाही," काउंटरवरचा पोरगा म्हणाला. म्हणजे काय, तर ताटल्यांना वीजही त्याच तारेतून मिळते, आणि ती स्विचने द्यायची असते. ह्याचं पहिलं मानक २००३ साली ठरलं. एका भोकातून १५.४ वॅट, म्हणजे एका बऱ्यापैकी एलईडी दिव्यापुरती. गंमत अशी की, चांगला स्विच आधी अगदी थोडा दाब देऊन चाचपतो, की पलीकडचा पानावर बसलेला आहे की नुसताच बघायला आलाय. आणि मगच वाढतो. माझा स्वस्त स्विच निरोप घरोघर पोचवत होता, वाढत कुणालाच नव्हता.

फरकाचे पैसे भरून (ते किती, हे सौ.ला अजून ठाऊक नाही) योग्य डबी आणली. ताटल्या उजळल्या, पण लुकलुकत राहिल्या. ताटलीला शुद्धीवर यायला दोन-चार मिनिटं लागतात, हे मला आता माहीत आहे. तेव्हा साडेसात वाजून गेले होते, आणि आठला इंदूरची मावशी टॅबलेटवर येते.

मावशीला आता चालवत नाही. ह्या दोघी बहिणी गेली तीन वर्षं फक्त काचेतूनच भेटतात. मी माझा मोबाइल पुढे केला, तर आई म्हणाली, "त्या काडेपेटीत मला तिचं तोंड दिसत नाही." आणि वरच्या खोलीत अंधारलेला टॅबलेट मांडीवर घेऊन बसून राहिली.

तेव्हा मी स्टुलावर चढलो आणि तिन्ही ताटल्यांच्या बारीक भोकांत सेफ्टी पिन दहा-दहा सेकंद खुपसली.

सव्वाआठला निमूटपणे बंगळूरला फोन लावला.

"बाबा, पिन घातलीत का?"

मी गप्प.

"किती ताटल्यांना?"

"तिन्ही."

"म्हणजे त्या आता आपल्याला ओळखत नाहीत. दत्तक घ्याव्या लागतील."

मला थट्टा वाटली. पण पडद्यावर खरोखरच तसं बटण असतं म्हणे. चिरंजीव तिथून एकेक ताटली दत्तक घेत होते आणि मी दिवे बघून वर्दी देत होतो. नेटवर्कचं नाव आणि पासवर्ड जुनाच ठेवला. नाहीतर घरातला प्रत्येक मोबाइल नव्याने पटवावा लागला असता. तिघींना १, ६ आणि ११ अशी वेगवेगळी चॅनेलं दिली, म्हणजे एकमेकींच्या बोलण्यात बोलणार नाहीत. आमच्या घराण्यात ही सोय आधी कुणाला सुचली नाही. दोन तास फोन चालला. एरवी आमचं संभाषण "जेवलास का" इथे संपतं.

सव्वादहाला वरून मावशीचा आवाज आला. ती आठपासून तिकडे तशीच बसून होती. मी जिन्यात थांबलो. आई सांगत होती, "उशीर झाला खरा. अगं, आमच्या ह्याने आज तीन दत्तक घेतले... हो ना, ह्या वयात!... छे गं, खोल्या कुठल्या द्यायच्या? छताला चिकटवलेत."