वाटणीतले रिकर्शन

चाळिशी उलटलेला, साहित्य घेऊन बी.ए. झालेला कारकून जावा शिकायला बसला की पुस्तकातली उदाहरणेच आडवी येतात. रिकर्शन म्हटले की फॅक्टोरियल! आता फॅक्टोरियलशी माझे जन्मात कधी काम पडले? मला रिकर्शन उमगले ते आपल्या गोव्याच्या वारसा कायद्यातून.

१८६७ची पोर्तुगीज नागरी संहिता आपल्याकडे १८७०पासून लागू झाली. वारशाचा भाग आता २०१२च्या गोव्याच्या कायद्यात आहे, तो २०१६त अंमलात आला. मूळ सूत्र मात्र तेच : मुलगा-मुलगी समान, आणि आई-वडिलांच्या आधी वारलेल्या अपत्याच्या जागी त्याची मुले.

समजा, एक भाट आहे. आई-वडील दोघेही गेले, मृत्युपत्र नाही, अपत्ये तीन. त्यातले एक आधीच वारलेले, त्याला दोन मुले. त्या दोघांतलाही एक आधीच वारलेला, मागे तीन मुले. तिसरा हिस्सा, मग सहावा, मग अठरावा. प्रोग्रॅम केवढासा? माणूस हयात असेल तर हिस्सा त्याच्या हाती द्या नि मागे फिरा. नसेल तर हिश्श्याचे समान भाग करून प्रत्येक अपत्यासाठी हेच काम पुन्हा करा. संपले! निःसंतान वारलेल्याची शाखा तेवढी आधीच वगळायची, नाहीतर शून्याने भागायची पाळी येते. आणि ‘हयात असेल तर’ ही अट गाळली तर संगणक पिढ्यान् पिढ्या खालीच उतरत राहील.

ॲबस्ट्रॅक्शन म्हणजे तरी काय? वारस या ऑब्जेक्टला दोनच प्रश्न विचारायचे : हयात आहेस का? तुझी अपत्ये कोण? उत्तर जन्ममृत्यूच्या नोंदवहीतून आले की चर्चच्या बाप्तिस्म्याच्या वहीतून, हे वाटणी करणाऱ्याला ठाऊक असण्याची गरज नाही. मात्र तिथे ‘अपत्ये’च लिहावे, ‘मुलगे’ नव्हे. एका शब्दाने लग्न होऊन गेलेल्या लेकीची अख्खी शाखा गळते, आणि प्रोग्रॅम बिनतक्रार चालतो!

असो. अठरावा हिस्सा संगणक क्षणात सांगतो. पण भाटात माड अकराच असले तर? तेव्हा इन्व्हेंटरीच्या दाव्यात वारसच आपसांत बोली लावतात. भाट एकाकडे जाते, बाकीच्यांना पैसे. ती बोली माझ्या क्लासमध्ये कशी बसवायची, ते अजून जमायचे आहे.