लेकीचा हक्क

मी जन्माने ख्रिस्ती. नगर जिल्ह्यातल्या एका गावात वडील प्राथमिक शिक्षक होते. घरात रोज दिवेलागणीला कौटुंबिक प्रार्थना होई. शब्बाथशाळेत वचनं पाठ म्हणण्यात माझा पहिला नंबर असे. देवाला बाप म्हणायला मला लहानपणीच शिकवलं होतं, आणि मी तसं म्हणतही होते. पण तो शब्द उच्चारताना माझ्या मनासमोर हजेरीपट घेतलेलं कुणीतरी उभं राही. उपासना चुकली, प्रार्थनेत डुलकी लागली, की माझ्या नावापुढे खाडा पडला असं वाटे. ही समजूत मला कुणी दिली नव्हती. घरची माणसं प्रेमळ होती, मंडळीही. ती भीती माझी मीच वाढवली.

कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला असताना वडील अचानक गेले. त्याआधीच्या रविवारी परीक्षेमुळे मी उपासनेला गेले नव्हते. त्याचीच ही शिक्षा, असं मी मनाशी धरून बसले आणि कुणाजवळ बोलले नाही.

आमच्या मंडळीत एक निवृत्त शिक्षिका होत्या. सगळे त्यांना बाई म्हणत. भेटायला येणारी माणसं ‘देवाची इच्छा’ म्हणून डोळे पुसून निघून जात. बाई रोज येत आणि आईला घरकामात हातभार लावत. एकदा त्यांच्यापाशी माझ्या तोंडून ते निघून गेलं. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, “तुझे बाबा कधी तुला असं शासन करायचे का गं?” आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी मला पंडिता रमाबाईंची साक्ष वाचायला आणून दिली.

रमाबाई म्हणजे 1889 साली मुंबईत निघालेलं शारदा सदन, केडगावचं मुक्ती मिशन, दुष्काळातून आणून सांभाळलेल्या शेकडो मुली, एवढं मी जाणून होते. 1907 सालच्या या छोट्या पुस्तकात मला आणखी कुणी भेटलं. अनंतशास्त्री डोंगऱ्यांची ही मुलगी आईवडिलांबरोबर वर्षानुवर्षं तीर्थयात्रा करत हिंडली. दुष्काळाने त्या दोघांचाही बळी घेतला. पुढे 1883 साली इंग्लंडमध्ये वाँटेज इथे रमाबाईंचा बाप्तिस्मा झाला. आणि त्यानंतर सुमारे आठ वर्षांनी त्यांच्या ध्यानात आलं, की आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला, ख्रिस्त अजून सापडायचा आहे. नियम होते, शिकवण होती, सेवा तर रात्रंदिवस चाललेली. मन मात्र ओझ्याखालीच. तारण कमवायचं नसतं, देवाने दिलेलं घ्यायचं असतं, हे उमगलं तेव्हा त्यांचं ते ओझं उतरलं.

एवढी विदुषी, एवढं काम उभं करणारी बाई हे उघडपणे लिहून ठेवते, याचं मला फार आश्चर्य वाटलं. तिने लिहिलं म्हणून मला स्वतःकडे बघता आलं.

रोमकरांस पत्राचा आठवा अध्याय मला तोंडपाठ होता. बाईंनी तो माझ्याकडून सावकाश वाचून घेतला. भीतीत ठेवणारं दास्य एकीकडे, आणि देवाला बाप म्हणून हाक मारायला लावणारा दत्तक लेकराचा आत्मा दुसरीकडे, असं पौल तिथे सांगतो. दत्तक आलेलं मूल स्वतःच्या कमाईवर घरात येत नाही. घेणाऱ्याने घेतलं म्हणून ते घरचं. मग बाईंनी लूकच्या शुभवर्तमानाचा पंधरावा अध्याय काढला. तिथला उधळ्या धाकटा मुलगा मला माहीत होता. बापाच्याच शेतात राबून सेवेची वर्षं मोजत बसलेला थोरला मी त्या दिवशी पहिल्यांदा नीट पाहिला, आणि तो मला फार ओळखीचा वाटला.

त्यानंतर एका रात्री मी देवाशी भांडले. बाबांना का नेलंस म्हणून विचारलं. उत्तर आलं नाही. पण असं विचारल्याची भीतीही वाटली नाही, आणि माझ्यासाठी तेच नवं होतं.

महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने 1977 साली प्रसिद्ध केलेला रमाबाईंचा पत्रव्यवहार मी बऱ्याच उशिरा वाचला. सिस्टर जेराल्डिन त्यांच्या धर्ममाता. त्यांना रमाबाईंकडून आज्ञापालन हवं होतं. रमाबाई एकेक शिकवण पवित्र शास्त्राशी ताडून पाहत होत्या आणि पटेपर्यंत मान डोलावत नव्हत्या. इंग्लंडमध्ये राहूनही त्यांनी शाकाहार सोडला नाही. आणि इतकी मोकळी झालेली ही बाई स्वस्थ बसली नाही. उतारवयात हिब्रू आणि ग्रीकच्या आधाराने तिने साध्या बायकांना समजेल अशा मराठीत बायबल उतरवलं. 1922 साली ती गेली. संपूर्ण बायबल 1924 साली बाहेर पडलं, तेही मुक्तीतल्या बायकांच्या हातून छापून. शिक्षेच्या धाकाने असं काम होत असेल, असं मला वाटत नाही.

दुसरं ऋण लक्ष्मीबाई टिळकांचं. त्यांचे पती नारायण वामन टिळक यांनी 1895 साली बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंनी तो घ्यायला पुढे पाच वर्षं गेली. जाती देवाने केल्या की माणसाने, याचा विचार करता करता त्या एके दिवशी कुणाच्याही हातचं खायला तयार झाल्या, ती हकिगत त्यांच्या ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात आहे. माझ्या मुलीसाठी स्थळं पाहताना ती माझ्या कामी आली. आमच्या मंडळ्यांतही ‘मूळचे कोण?’ हा प्रश्न हलक्या आवाजात विचारला जातो. एका चांगल्या मुलाबद्दल नातेवाइकांनी तसंच विचारलं. मी म्हटलं, “तो देवाचं लेकरू, आमचीही देवाचं लेकरू. याच्या मागचं मला विचारायचं नाही.” ते धैर्य माझं नव्हतं, लक्ष्मीबाईंनी ते अर्ध्या शतकाहून अधिक काळ आधीच लिहून ठेवलं होतं. ते लग्न झालं.

आता शब्बाथशाळेत मी मोठ्या मुलांचा वर्ग घेते. वचनं पाठ करून घेतेच, पण मुलं विचारतील ते विचारू देते. परवा एका मुलीने विचारलं, “देवावर रागावलं तर तो ऐकून घेतो का?” मी तिला 13 वं आणि 88 वं स्तोत्र काढून दिलं. वाचून जे मनात येईल ते लिहून आण म्हटलं.