बाळसं आणि मिळकत

"दूद पुरना नाय, डॉक्टरानु. डबो लिवन देवा."

बोलत होती सासू. मालवणच्या दांडी किनाऱ्यावरची सून दीड महिन्याचा लेक मांडीवर घेऊन गप्प बसली होती. मुलाचं वजन छान चढत होतं, दिवसाला सात-आठ वेळा लघवी होत होती. म्हणजे दूध भरपूर होतं. खोदून विचारलं तेव्हा उलगडा झाला. १ जून ते ३१ जुलैची मासेमारीबंदी संपली होती, नारळी पौर्णिमा झाली होती, होड्या पाण्यात गेल्या होत्या. होडी पहाटे लागो की तिन्हीसांजेला, मासळीच्या लिलावाला घरची बाई हवी. मालवणात बालरोगतज्ज्ञ म्हणून मी हे दरवर्षी बघतो: मच्छीमारांच्या घरात वैशाखात जन्मलेल्या मुलाच्या वाट्याला आई येते, श्रावणाच्या तोंडावर जन्मलेल्याला लवकर बाटली लागते.

त्याच आठवड्यात तारकर्लीकडचं एक कुटुंब आलं. पर्यटकांना खोल्या देण्याचा धंदा, जम बसलेला. लेक अकरा महिन्यांची, बारा किलोंची, चौथ्या महिन्यापासून डब्याच्या दुधावर. आजी कौतुकाने तिचं बाळसं दाखवत होती. या मुलीच्या आजोबांनी उभा जन्म रापणीचं जाळं ओढलं होतं.

माझ्या नोंदवह्या उघडून अंगावर पिणारी मुलं एकीकडे आणि डब्यावरची दुसरीकडे केली, तर पहिली सडपातळ निघतील. त्याच भरवशावर मी कित्येक वर्षं ऑगस्टमधल्या स्तनपान सप्ताहात सांगत आलो की अंगावर पाजा, मूल लठ्ठ होणार नाही. ते सांगणं घाईचं होतं, याची मला खंत वाटते. आमच्याकडे दीड-दोन वर्षं पाजते ती बहुधा हातावर पोट असलेली आई. डबा परवडतो तो खोल्या देणाऱ्या घराला, आणि त्याच घरात पुढे केक, कोल्ड्रिंक, मोबाइल आणि दारची गाडी येते. वजन दुधाने वाढलं की मिळकतीने, हे वही सांगत नाही.

ब्रिटनमध्ये मिळकतीची गंगा उलटी वाहते. तिथे जास्त दिवस पाजतात त्या सुस्थितीतल्या आया, आणि लठ्ठपणा गरीब वस्त्यांत अधिक. तरी हिशेब तोच येतो: अंगावर प्यायलेली मुलं सडपातळ. ब्राझीलच्या पेलोतास शहरात स्तनपानाचा श्रीमंती-गरिबीशी फारसा संबंध नव्हता. तिथे त्याचा मुलांच्या वजनाशीही संबंध सापडला नाही. बेलारूसमध्ये १९९६-९७ साली संशोधक मायकेल क्रेमर यांनी ३१ रुग्णालयांतली १७,०४६ बाळं घेतली. चिठ्ठ्या टाकाव्यात तशी रुग्णालयं निवडून निम्म्या ठिकाणी आयांना पाजण्यासाठी नीट साहाय्य दिलं. तिथे तिसऱ्या महिन्यात निव्वळ आईच्या दुधावर असलेली बाळं ४३ टक्के होती, इतरत्र ६ टक्के. पहिल्या वर्षात जुलाब कमी झाले. साडेसहाव्या आणि साडेअकराव्या वर्षी वजनं केली, तेव्हा लठ्ठपणात फरक नव्हता. सुरुवात सगळ्याच आयांनी अंगावर पाजून केली होती, त्यामुळे दूध विरुद्ध डबा असा हा निवाडा नव्हे. पण माझ्या सप्ताहातल्या वाक्याला त्याने धक्का दिला.

मग तारकर्लीच्या बाळशाचं काय? त्याची मुळं मला पुण्यात सापडतात. केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर बायका आणि त्यांची मुलं पाहिली. नवजात बाळं सरासरी २.७ किलोंची, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची ३.५ किलोंची. आपली बाळं स्नायूंनी बरीच कमी, पण कातडीखालची चरबी त्या मानाने राखून असलेली. पिढ्यान् पिढ्या अर्धपोटी राहिलेल्या घरात असं बाळ जन्मतं आणि एकाच पिढीत सुबत्ता येते. मग अंगावर चढते ती बहुतांशी चरबी. त्यात भर बाटलीची. पाजताना कधी थांबायचं हे बाळ ठरवतं. बाटली मात्र आजी संपवून घेते. म्हणून त्या आजीला मी डब्याबद्दल बोललो नाही. बाटली बंद करून वाटी-चमचा, नाचणीचं सत्व, मऊ पेज आणि काटे काढलेला बांगडा सांगितला, आणि पोर पुरे म्हणाली की हात आखडायला.

दांडीच्या सुनेला डबा लिहून दिला नाही. पण नुसता नकार देऊन तिचं काय होणार होतं? २०१७ च्या कायद्याने नोकरदार बाईला २६ आठवड्यांची पगारी रजा मिळाली. मासळीच्या टोपलीला ती लागू नाही. दूध पिळून स्वच्छ झाकलेल्या वाटीत ठेवायचं, चार तासांच्या आत चमच्याने पाजायचं, हे तिला करून दाखवलं. सासूलाही शेजारी बसवलं. ती घर सांभाळणार होती, तिच्यावाचून हे जमलं नसतं.

पुढच्या खेपेला दोघी आल्या. सासू म्हणाली, घर जवळच आहे, होडी लागली की मीच नातवाला घेऊन वाळूत जाते, लिलाव संपला की ती तिथेच पाजते. मुलाचं वजन साडेपाच किलो भरलं.